आर्ट्स हायस्कूल आपल्या मुलासाठी आहे का? अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांसाठी

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. बहुतेक मुलं घराजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये आपोआप जातात, त्यामुळे पालकांना फारसं काही ठरवावं लागत नाही. पण मूल गात असेल, नाचत असेल किंवा मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटकात उभं राहत असेल, तर सातवीच्या सुमाराला कुणीतरी सुचवतंच: याला आर्ट्स हायस्कूलला का पाठवत नाही? या शाळांत गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास सगळं असतंच. शिवाय रोजचे दोन-तीन तास एकाच कलेला दिलेले असतात, तेही चार वर्षं. प्रवेश ऑडिशनवर मिळतो.

आपल्या मुलात तेवढी प्रतिभा आहे का, याची काळजी करत बसू नका. ते ठरवायला ऑडिशन घेणारी माणसं बसलेली असतात. पालकांनी घरी तीन गोष्टी तपासायच्या: आपण कुठे राहतो, मूल आठवड्याच्या साध्या दिवशी काय करतं, आणि ती शाळा नेमकं काय शिकवते. तिसरी गोष्ट आपले लोक सगळ्यात कमी तपासतात आणि तिथेच जास्त फसगत होते.

आधी पत्ता

सगळ्यात प्रसिद्ध नाव लाग्वार्डियाचं. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनमध्ये, लिंकन सेंटर या कलासंकुलाला लागूनच ही शाळा आहे. महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेची शाळा सुरू केली. नृत्य-नाटकाची वेगळी शाळा नंतर निघाली आणि १९८४ मध्ये दोन्ही शाळा एका इमारतीत आल्या. आज तिथे नृत्य, नाटक, गायन, वाद्यसंगीत, चित्रकला आणि नेपथ्य-तंत्र असे विभाग आहेत. न्यूयॉर्क शहराच्या नऊ स्पेशलाइज्ड (निवडून प्रवेश देणाऱ्या) हायस्कूलपैकी ही एकच अशी, जिथे लेखी प्रवेश परीक्षा नाही. ऑडिशन आणि मिडल स्कूलचे (सहावी ते आठवीचे) मार्क, दोन्ही बघतात. फी शून्य.

पण ती न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांसाठीच आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीतून अर्ज करता येत नाही. मावशीचा क्वीन्समधला पत्ता दाखवायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो काढून टाका. पत्त्याचे पुरावे मागतात, आणि खोटं उघडं पडलं की मुलाची जागा जाते.

न्यूयॉर्क शहरात लाग्वार्डियाशिवायही शाळा आहेत. क्वीन्समध्ये ॲस्टोरियाला फ्रँक सिनात्रा स्कूल आहे. गायक टोनी बेनेट यांनी ती २००१ मध्ये आपल्या मित्राच्या नावाने सुरू करवली. मॅनहॅटनमध्ये प्रोफेशनल परफॉर्मिंग आर्ट्स स्कूल आहे. न्यू जर्सीत ही सोय काउंटीप्रमाणे (म्हणजे जिल्ह्याप्रमाणे) बदलते. युनियन काउंटीची अकॅडमी फॉर परफॉर्मिंग आर्ट्स स्कॉच प्लेन्सला आहे. बर्गन काउंटी अकॅडमीजमध्ये कलेचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथे ऑडिशनबरोबर गणित आणि इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. नूअर्कची आर्ट्स हाय १९३१ पासून आहे. देशातली कलेची पहिली सरकारी हायस्कूल म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि गायिका सेरा व्हॉन तिथे शिकली. काउंटीच्या शाळेत मुलाला जागा मिळाली तर शिकवण्याचा आणि बसचा खर्च तुमचा शाळा-डिस्ट्रिक्ट (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) उचलतो. हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांनी आपल्या शहराची रचना बघावी. लॉस एंजेलिस काउंटीची शाळा कॅल स्टेट एलएच्या आवारात भरते, सकाळी अभ्यास आणि दुपारी कला. डॅलसमध्ये बुकर टी. वॉशिंग्टन शाळा आहे. पंडित रविशंकर यांची मुलगी नोरा जोन्स तिथलीच. ह्यूस्टन, वॉशिंग्टन डी. सी., सॅन फ्रान्सिस्को इथेही सरकारी आर्ट्स हायस्कूल आहेत. काही ठिकाणी मूल अर्धा दिवस आपल्या नेहमीच्या शाळेत आणि अर्धा दिवस कलेच्या शाळेत जातं. पहिल्यांदा विचार करणाऱ्यांना ही अर्ध्या दिवसाची सोय मिळत असेल तर ती सोडू नये, कारण मागे फिरायला वाट राहते.

बोर्डिंग शाळांचा प्रकार वेगळा. मिशिगनमधली इंटरलॉकन, मॅसॅच्युसेट्समधली वॉलनट हिल, कॅलिफोर्नियातली आयडिलवाइल्ड. शिकवतात उत्तम, पण खासगी कॉलेजच्या तोडीची फी आणि चौदाव्या वर्षी घराबाहेर. आर्थिक मदत मिळू शकते. तरीही मूल स्वतःहून मागे लागलेलं नसेल तर मी या शाळांचा विषयही काढणार नाही.

मुलाचा साधा मंगळवार

गणपतीतलं नाटक, अरंगेत्रम, शाळेचा वार्षिक कार्यक्रम यांवरून काही ठरवू नका. त्या दिवशी सगळीच मुलं चमकतात. एखादा मंगळवार बघा: शाळा झाली, होमवर्क आहे, बाहेर पाऊस आहे, कार्यक्रम जवळपास कुठलाही नाही. त्या दिवशी मूल न सांगता वाद्य काढतं का? गाण्यातली एकच अडलेली जागा वीस वेळा घेतं, की आवडती बंदिश पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून मोकळं होतं? आर्ट्स हायस्कूलमध्ये रोज त्या अडलेल्या जागेवरच काम चालतं. टाळ्या वर्षातून दोन-तीनदा.

दुसरं, चूक दाखवल्यावर काय होतं ते बघा. या शाळांत सगळ्यांसमोर सुधारतात: खांदा खाली, सूर वर, पुन्हा कर. काही मुलं तेवढ्याने फुलतात. काही आठवडाभर कोमेजतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलात कला कमी असते असं अजिबात नाही, पण चार वर्षं रोज ते सोसणं त्याला जड जाईल.

तिसरं लक्षण लोक विसरतात. दुसऱ्या कुणाचं काम बघताना त्याला मजा येते का? स्वतःचा प्रवेश संपल्यावर विंगेतून उरलेलं नाटक बघणारं मूल आणि मेकअप पुसून फोन काढणारं मूल यांच्यात फरक असतो. वर्गात पंचवीस मुलं आणि मुख्य भूमिका दोन, अशी परिस्थिती कायमचीच. मिडल स्कूलमध्ये सगळ्यात चांगली गाणारी मुलगी इथे आल्यावर मधल्या रांगेत उभी राहते. हे तिला आधीच सांगून ठेवा.

विंगेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. मंडळाच्या नाटकात ज्याला प्रकाशयोजनेचं बोर्ड सोडवत नाही, जी मुलगी सगळ्यांच्या एन्ट्र्या पाठ करून बसते, त्यांच्यासाठी नेपथ्य-तंत्राचा विभाग असतो. सेट बांधणं, दिवे, ध्वनी, वेशभूषा, स्टेज मॅनेजमेंट. इथे ऑडिशनऐवजी मुलाखत आणि केलेल्या कामाचे नमुने बघतात. रंगमंचावर न चमकणाऱ्या मुलाला कला जमत नाही असं मानून पालक हा विभाग बघतच नाहीत.

मूल अजूनही कळत नसेल तर उन्हाळ्यात परीक्षा घ्या. दोन-तीन आठवड्यांचं, रोज पाच-सहा तासांचं शिबिर लावा. इंटरलॉकनचं उन्हाळी शिबिर १९२८ पासून चालू आहे. न्यू जर्सीतल्या मिलबर्नला पेपर मिल प्लेहाउस या नाट्यगृहाची उन्हाळी शिबिरं असतात, आणि तुमच्या गावच्या नाट्यसंस्थेचं शिबिर त्याहून स्वस्त पडेल. पहिल्या आठवड्यातल्या उत्साहाकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर गाडीत बसल्यावर मूल काय बोलतं ते ऐका.

आणि एकदा स्वतःलाही विचारा, ही हौस कुणाची. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणींचा क्लास दहावीला बंद झाला. ती रुखरुख खरी आहे. पण ती मुलीच्या अर्जावर लिहिता येत नाही.

आपली तालीम, त्यांची ऑडिशन

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं बहुधा भरतनाट्यम, कथक, हिंदुस्तानी गायन किंवा तबला शिकतात. सात-आठ वर्षांची तालीम असते, गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या असतात. आर्ट्स हायस्कूलमध्ये मात्र जवळपास सगळीकडे शिकवतात ते पाश्चात्त्य: बॅले आणि मॉडर्न डान्स, कॉयर (समूहगायन), बँड, ऑर्केस्ट्रा. आपल्या मुलाची तालीम वाया जाते असं नाही. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे आडवी येते, ते कलेनुसार वेगळं आहे.

नृत्यापासून सुरुवात करू. सोलो अनेक शाळा कुठल्याही शैलीत घेतात, तेव्हा तिथे भरतनाट्यम चालेल आणि उठूनही दिसेल. अडचण वर्गात येते. ऑडिशनला बॅले आणि मॉडर्नचा वर्ग असतो किंवा त्यातल्या ठरावीक हालचालींचा व्हिडिओ मागतात. शिक्षक एकदा करून दाखवतात आणि लगेच करायला सांगतात. अरमंडीत गुडघे वाकवून, पूर्ण पाऊल जमिनीवर मारायची सवय असलेल्या पायांना आता सरळ गुडघा आणि ताणलेली बोटं हवी असतात. कथकवाल्या मुली टाचेवर चक्कर घेतात, बॅलेत ते चवड्यावर घ्यायचं असतं. ताल, अभिनय, पाठांतर यांत आपल्या मुली कुणाला ऐकत नाहीत, पण पाय बदलायला वेळ लागतो. सहावीपासून आठवड्याला एक-दोन बॅलेचे वर्ग लावले असतील तरच आठवीच्या ऑडिशनला अर्थ आहे.

गायनात चित्र जरा बरं. एक गाणं म्हणायचं असतं. त्याशिवाय पियानोवर वाजवलेले सूर परत म्हणून दाखवायचे आणि टाळीने दिलेला ताल परत द्यायचा असतो. हे दोन्ही आपली मुलं झोपेतही करतील. मेजर स्केल म्हणजे बिलावलचेच सूर, हे एकदा दाखवलं की डो-रे-मी त्यांना सारेगमसारखंच वाटतं. अवघड जातो तो आवाजाचा लगाव. आपला खुला, छातीतला आवाज आणि कॉयरला हवा असलेला वरच्या पट्टीतला हलका आवाज यांची जागाच वेगळी. कॉयरमध्ये मुरकी घेतली की बाजूच्या तिघी वळून बघतात. निदान वर्षभर पाश्चात्त्य गायनाच्या शिक्षकाकडे जावं, आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकावं. मुलग्यांचा आवाज नेमका आठवीच्या सुमाराला फुटतो. ऑडिशन घेणाऱ्यांना ते ठाऊक असतं, तेव्हा त्यासाठी घाबरू नका. फक्त गाण्याची पट्टी आदल्या महिन्यात तपासून घ्या.

तबलजींची कुचंबणा होते. वाद्यांच्या यादीत बहुतेक ठिकाणी तबला किंवा हार्मोनियम नसतं. तालवाद्य या नावाखाली त्यांना स्नेअर ड्रम, टिंपनी आणि झायलोफोनच्या जातीची वाद्यं हवी असतात, तीही नोटेशन वाचून वाजवलेली. लयीचं अंग तयार असल्याने तबल्याचं मूल हे लवकर उचलतं, पण दोन वर्षं हवीतच. कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकलेल्यांना तर व्हायोलिन धरण्यापासून सुरुवात करावी लागते.

नाटकाला बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या भावांचे दोन एकपात्री उतारे मागतात, प्रत्येकी एक-दोन मिनिटांचे, छापील नाटकातले. मंडळाच्या नाटकात शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू जावं म्हणून आवाज लावायची सवय लागलेली असते. इथे टेबलापलीकडे तीन माणसं बसलेली असतात, किंवा समोर फोनचा कॅमेरा. बोलल्यासारखं बोलायचं. उतारा मुलाच्या वयाच्या पात्राचा निवडावा. तेरा वर्षांच्या मुलाने म्हातारा राजा करून दाखवायची गरज नाही.

आता माझं मत. जिचा जीव भरतनाट्यममध्येच आहे, जिला तेच पुढे करायचं आहे, तिच्यासाठी ही शाळा बहुधा चुकीची. रोजचे तीन तास दुसऱ्या शैलीला जातील, संध्याकाळी शाळेच्या तालमी असतील, आणि गुरूंचा शनिवारचा वर्गच आधी सुटेल. अशा मुलीला घराजवळच्या चांगल्या शाळेत ठेवून गुरूंकडचे वर्ग वाढवणं जास्त शहाणपणाचं. ज्यांना नृत्य, कुठलंही नृत्य, शरीराने करून बघायची भूक आहे, त्या मुलींचं मात्र या शाळांत सोनं होतं. काहीही ठरवण्याआधी गुरूंशी बोला. त्यांनी अशा मुली आधी पाहिलेल्या असतात.

शाळा बघायला जाल तेव्हा

आठवीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळांचे ओपन हाउस असतात. तिथे सगळ्यात गुणी मुलं पुढे करतात, ते साहजिकच आहे. जमलं तर मुलांचा एखादा साधा प्रयोग तिकीट काढून बघा, शक्यतो खालच्या वर्गांचा. आणि हे विचारा:

दिवसातले नेमके किती तास कलेला, आणि शाळा सुटल्यावर तालीम किती वाजेपर्यंत? दरवर्षी पुन्हा परीक्षा घेऊन मुलं काढतात का? नववीत विभाग चुकला असं वाटलं तर बदलता येतो का? गणित कुठपर्यंत शिकवतात, कॅल्क्युलस आहे का, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) वर्ग तालमीच्या वेळेशी टकरतात का? शेवटचा प्रश्न शिक्षकांना विचारू नका, अकरावीतल्या विद्यार्थ्याला विचारा. खरं उत्तर तोच देईल.

अभ्यास आणि कला यांची ओढाताण या शाळांत कायम चालते. २०१९ मध्ये लाग्वार्डियाच्या शेकडो विद्यार्थ्यांनी कॉरिडॉरमध्ये ठिय्या दिला होता. शाळा मार्कांवर जास्त भर देते आणि कला मागे पडते, अशी त्यांची तक्रार होती. आपल्या पालकांना बहुधा उलटी तक्रार सुचली असती. तुम्ही बघत असलेली शाळा सध्या कुठल्या बाजूला झुकली आहे ते विचारून घ्या.

कॉलेजचं काय?

पुण्याहून आजी-आजोबा फोनवर हेच विचारतील. उत्तर सोपं आहे. डिप्लोमा नेहमीच्याच हायस्कूलचा मिळतो आणि इंजिनिअरिंगपासून नृत्यापर्यंत कुठेही अर्ज करता येतो. इथून निघालेली पुष्कळ मुलं पुढे कलेचं शिक्षण घेतच नाहीत. शास्त्राची आवड असलेल्या मुलासाठी एकच सावधगिरी: संशोधन स्पर्धा, रोबॉटिक्स यांना इथे वेळ उरत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. कलाकार व्हायला आर्ट्स हायस्कूल लागतंच असं नाही. मेरिल स्ट्रीप न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्सविलच्या साध्या सरकारी हायस्कूलची. ॲन हॅथवे मिलबर्न हायस्कूलची. शाळेच्या म्युझिकलमधल्या कामासाठी पेपर मिलच्या रायझिंग स्टार पुरस्काराला तिचं नामांकन झालं होतं. राज्यभरातल्या हायस्कूलांच्या म्युझिकलना दिले जाणारे हे पुरस्कार आजही आहेत.

खर्च आणि रोजचा प्रवास

सरकारी शाळा फुकट, पण कला फुकट नाही. पॉइंट शूजचा (बॅलेत बोटांच्या टोकांवर उभं राहायच्या बुटांचा) एक जोड शंभर डॉलरच्या आसपास, आणि नेमाने नाचणाऱ्या मुलीचा तो महिनाभरही टिकत नाही. खासगी शिकवणी, वाद्याची दुरुस्ती, बारावीत कॉलेजांच्या ऑडिशनसाठी विमानाची तिकिटं. प्रवासाचा वेळ मात्र पैशांपेक्षा महाग. एका बाजूला तासाभराहून जास्त लागणार असेल तर निर्णय तिथेच थांबवा. तालमीनंतर साडेसातला घरी, मग होमवर्क, झोप बारानंतर. वाढत्या वयातल्या नाचणाऱ्या शरीराला ते परवडत नाही, दुखापती तिथूनच सुरू होतात.

वेळापत्रक, आणि नाही जमलं तर

सातवीचा उन्हाळा शिबिराला. आठवीच्या सप्टेंबरपासून शाळा बघणं आणि ऑडिशनची तयारी. न्यूयॉर्क शहरात अर्ज मायस्कूल्स या संकेतस्थळावरून, साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि निकाल मार्चच्या सुमाराला. ऑडिशनचा मजकूर बहुतेक व्हिडिओने चढवायचा असतो. भिंत साधी, उजेड समोरून, मागे कुकरची शिटी नको. न्यू जर्सीतल्या काउंट्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, मिडल स्कूलच्या काउन्सेलरकडून त्या सप्टेंबरमध्येच लिहून घ्या.

नकार आला तर मूल काही दिवस उदास राहील, राहू द्या. न्यूयॉर्कमध्ये नववीत असताना दहावीच्या जागांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. घराजवळच्या शाळेत राहून जुलियर्ड किंवा मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकचे शनिवारचे प्री-कॉलेज वर्ग लावता येतात, तिथेही ऑडिशन असतेच. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी यंगआर्ट्सची राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिला शाळा कुठली याच्याशी देणंघेणं नाही.

आणि प्रवेश मिळाला, पण नववीच्या नाताळापर्यंत मूल रोज सकाळी पोटात दुखतं म्हणू लागलं, तर न्यू जर्सीत तुमच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला त्याला परत घ्यावंच लागतं. परत यायचं तर सेमिस्टरच्या शेवटी या, म्हणजे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची नोंद) बुडत नाहीत. गणिताचा वर्ग कुठला मिळेल ते मात्र आधी लेखी विचारून घ्या, कारण दोन शाळांचे अभ्यासक्रम क्वचितच जुळतात.